आश्रयदाता आणि कलावंत यांच्यामधला माणूस

पंधराव्या ते सतराव्या शतकातील इटलीच्या कलेचा इतिहास सांगताना साधारणपणे दोनच बाजूंची नावे घेतली जातात. एका बाजूला फ्लॉरेन्सचे मेदिची, मांतुआचे गोंझागा, रोमचे पोप आणि कार्डिनल असे पैसा व प्रतिष्ठा पुरवणारे आश्रयदाते असतात, तर दुसऱ्या बाजूला लिओनार्दो, मायकेलअँजेलो, तित्सियन, कारावाज्जो असे कलावंत असतात. एकाने मागितले आणि दुसऱ्याने घडवले, एवढ्यातच तो व्यवहार आटोपला असावा, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात हे दोघे पुष्कळदा एकमेकांना भेटलेलेही नसत. त्यांच्यामध्ये एखादा सावकार, मठवासी साधू, राजदूत, वाद्ये बनवणारा कारागीर किंवा दुसरा एखादा चित्रकार उभा असे, आणि काय घडवायचे, कोणाकडून घडवायचे, किती पैशात घडवायचे हे ठरवण्यात त्याचा वाटा थोडाथोडका नसे.

कलेतिहासाचे अभ्यासक अशा माणसाला सांस्कृतिक मध्यस्थ म्हणतात. दोन्हीकडची रीतभात ज्याला कळते, ज्याची दोन्हीकडे पत आहे आणि जो वस्तू व पैशाबरोबर माहितीची आणि अभिरुचीचीही ने-आण करतो, असा माणूस त्यांना अभिप्रेत असतो. बाजारातल्या दलालाहून तो एका बाबतीत वेगळा होता: त्याला ठरावीक दलाली क्वचितच मिळे. मिळे ती वरिष्ठांची मर्जी, मुलाला किंवा भाच्याला नोकरी, एखाद्या दाव्यात टाकलेला शब्द, आणि पुढच्या वेळी पुन्हा आपल्यालाच विचारले जाण्याची खात्री. या सगळ्या देवघेवीचे भांडवल विश्वास हे होते, आणि ते वर्षानुवर्षे जपून वाढवावे लागे.

अशा माणसांची गरज पडण्याचे कारण इटलीच्या तत्कालीन रचनेत होते. इटली हे एक राष्ट्र नव्हते. व्हेनिसचे प्रजासत्ताक, मिलानची डची, पोपची राज्ये, नेपल्सचे राज्य आणि मांतुआ, फेर्रारा, उर्बिनो यांसारखी छोटी पण अतिशय महत्त्वाकांक्षी संस्थाने, अशी ती विभागलेली भूमी होती. प्रत्येकाची नाणी वेगळी, कायदे वेगळे, आणि नामवंत कलावंत मात्र मोजक्या शहरांत एकवटलेले. एखाद्या कलावंताला पदरी ठेवून, दरमहा वेतन, राहायला घर आणि मेजवानीत जागा देऊन घराण्याशी बांधून घेणे हा एक मार्ग होता. या नात्याला इटालियनमध्ये ‘सेर्वितू’ म्हणत. पण ज्याला दूरच्या शहरातल्या, दुसऱ्या कोणाच्या कामात अडकलेल्या चित्रकाराकडून एकच चित्र हवे असे, त्याला तिथे आपला माणूस असल्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा माणूस कामाच्या किती आतपर्यंत पोहोचत असे, हे १४८५ च्या एका करारनाम्यातून दिसते. फ्लॉरेन्समधील इन्नोचेन्ती या अनाथालयाच्या चर्चसाठी, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे चित्र दोमेनिको गिरलांदायो याच्याकडून करून घ्यायचे होते. अनाथालयाचा प्रमुख फ्रान्चेस्को तेझोरी आणि चित्रकार यांच्यातला हा करार फ्रा बेर्नार्दो नावाच्या साधूने स्वतःच्या हाताने लिहिला. मोबदला ११५ फ्लोरिन ठरला, पण चित्र तेवढ्या मोलाचे आहे असे फ्रा बेर्नार्दोला वाटले तरच. त्यासाठी हव्या त्या जाणकाराचे मत घेण्याची मुभाही त्याने स्वतःकडे ठेवली. मुदत तीस महिन्यांची होती, आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिन या भावाचाच वापरायचा होता. हा निळा, म्हणजे अल्ट्रामरीन, आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असे. त्याच्या प्रतींमध्ये पराकोटीचा फरक असे आणि स्वस्त निळा खपवून पैसे वाचवणे चित्रकाराला सहज शक्य होते. फ्रा बेर्नार्दो हा जेझुआती पंथाचा होता. पुढे स्थापन झालेल्या जेझुइट संघाशी या पंथाचा संबंध नाही. फ्लॉरेन्समधले जेझुआती साधू उत्तम अल्ट्रामरीन तयार करण्याबद्दलच प्रसिद्ध होते. म्हणजे ज्या वस्तूत फसवणूक होण्याचा संभव सर्वांत जास्त, तिची पारख असणारा माणूसच मध्यस्थ म्हणून निवडला गेला होता. करारातला निळ्याचा भाव हा सटरफटर तपशील नसून सगळ्या व्यवहाराचा कणा होता, हे त्यावरून लक्षात येते.

पारखीच्या पुढची पायरी म्हणजे हमी. मायकेलअँजेलोच्या आयुष्याच्या आरंभी दोन मध्यस्थ आले आणि दोघांनी त्याच्याशी अगदी उलट वर्तन केले. त्याने घडवलेली निद्रिस्त मदनाची एक संगमरवरी मूर्ती बाल्दास्सारे नावाच्या विक्रेत्याने प्राचीन म्हणून कार्डिनल राफाएले रिआरिओ याला २०० डकॅटना विकली आणि मायकेलअँजेलोच्या हातावर फक्त ३० डकॅट ठेवले. लबाडी उघडकीस आल्यावर कार्डिनलने पैसे परत मागितले, पण इतकी हुबेहूब मूर्ती घडवणाऱ्या तरुणाला १४९६ मध्ये रोमला बोलावूनही घेतले. रोममध्ये त्याला याकोपो गाल्ली हा सावकार भेटला. रिआरिओला न आवडलेली बाकसची मूर्ती अखेर गाल्लीच्याच बागेत उभी राहिली, आणि १४९८ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच कार्डिनल जाँ द बिलेर याच्याशी ‘पिएता’चा करार झाला तेव्हा गाल्ली जामीन राहिला. मोबदला ४५० डकॅट होता, मुदत एक वर्षाची होती, आणि गाल्लीने लिहून दिले की हे काम आज रोममध्ये असलेल्या संगमरवरातील सर्व कामांहून सुंदर होईल, हयात असलेल्या कोणत्याही शिल्पकाराला याहून चांगले करता येणार नाही. त्या वेळी मायकेलअँजेलोचे वय तेवीस वर्षांचे होते. सावकार ज्या पद्धतीने व्यापाऱ्याच्या हुंडीमागे स्वतःची पत उभी करतो, त्याच पद्धतीने गाल्लीने एका जवळजवळ अपरिचित तरुणाच्या हातामागे ती उभी केली. ही हमी नसती तर परदेशी कार्डिनलने एवढी रक्कम आणि एवढा मोठा दगड त्या तरुणाच्या स्वाधीन केला असता, असे मानणे कठीण आहे.

मध्यस्थांच्या कामाचे सर्वांत संपन्न चित्र मात्र मांतुआच्या दप्तरात सापडते. फेर्राराच्या देस्ते घराण्यातील इझाबेला १४९० मध्ये फ्रान्चेस्को गोंझागाशी विवाह करून मांतुआला आली आणि किल्ल्यातील एका छोट्या दालनाला निवडक चित्रांनी सजवण्याचा ध्यास तिने घेतला. अशा दालनाला ‘स्तुदिओलो’, म्हणजे वाचन-चिंतनाची खासगी खोली, म्हणत. मांतुआ लहान होते, खजिना बेताचा होता, आणि तिला मात्र इटलीतल्या प्रत्येक श्रेष्ठ चित्रकाराचे काम हवे होते. तेव्हा तिने शहरोशहरी माणसे जोडली, आणि त्यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार आजही मांतुआच्या अभिलेखागारात जपलेला आहे. कलेतिहासासाठी हा योगायोग फार मोलाचा ठरला. आश्रयदाता आणि चित्रकार एकाच शहरात राहत असते तर बोलणी तोंडी झाली असती आणि हवेत विरली असती. मधल्या माणसाला सगळे लिहून कळवावे लागले, म्हणूनच ते आज वाचता येते.

पेरुजिनोशी तिने जानेवारी १५०३ मध्ये केलेल्या कराराला एका विद्वानाने रचलेला विषयाचा आराखडा आणि एक रेखाटन जोडलेले होते. प्रीती आणि शुचिता यांच्यातील युद्ध हा विषय. कोणती देवता कुठे उभी, तिच्या हातात काय, मागे काय, हे सर्व ठरवून दिलेले. आकृत्यांची गर्दी वाटली तर काही कमी करण्याची मुभा चित्रकाराला होती, पण स्वतःच्या मनाने एकही वाढवायची नव्हती. मोबदला १०० डकॅट होता. हातात असलेल्या इतर कामांमुळे पेरुजिनो चालढकल करत राहिला आणि फ्लॉरेन्समधल्या तिच्या माणसांना त्याच्याकडे तगादा लावण्यासाठी वारंवार खेटे घालावे लागले. त्याच सुमारास लिओनार्दोकडूनही तिला चित्र हवे होते. आंजेलो देल तोव्हालिया या तिच्या प्रतिनिधीने कळवले की आपण दोघांच्याही मागे लागू, पण दिरंगाईची शर्यत लागली तर लिओनार्दोच जिंकेल असे दिसते. पेरुजिनोचे चित्र १५०५ मध्ये पोहोचले, ते तिला पुरेसे भावले नाही, आणि आज ते लूव्हर संग्रहालयात पाहणाऱ्यालाही आखून दिलेल्या कामाचा ताठरपणा त्यात जाणवतो.

लिओनार्दोच्या बाबतीत तिचा मध्यस्थ होता फ्रा पिएत्रो दा नोव्हेल्लारा, कार्मेल पंथाचा एक वरिष्ठ साधू. १५०१ च्या एप्रिलमध्ये त्याने फ्लॉरेन्सहून जे कळवले ते लिओनार्दोच्या त्या काळातील आयुष्याविषयीच्या सर्वांत विश्वसनीय पुराव्यांपैकी एक आहे. गणितातील प्रयोगांनी लिओनार्दोला चित्रकलेपासून इतके दूर नेले आहे की कुंचला हाती धरणे त्याला सहन होत नाही, असे त्याने लिहिले. शिवाय संत अ‍ॅन, मेरी आणि बाळ येशू यांच्या एका मोठ्या आरेखनाचे इतके बारकाईने वर्णन केले की अभ्यासकांना आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो. इझाबेलाला लिओनार्दोकडून रंगवलेले चित्र कधीच मिळाले नाही. तिच्या मध्यस्थाला आलेले अपयश ही पुढच्या पिढ्यांची मिळकत ठरली.

व्हेनिसमधली तिची भिस्त लोरेंझो दा पाव्हिया या वाद्यकारावर होती. वीणेच्या जातीची तंतुवाद्ये आणि ऑर्गन घडवणारा हा माणूस लाकूड, हस्तिदंत, काच, जुनी नाणी अशा कितीतरी गोष्टींची पारख राखून होता. जोव्हान्नी बेल्लिनीकडून स्तुदिओलोसाठी एक रूपकात्मक चित्र मिळवण्याचा प्रयत्न १५०१ पासून चालला होता. २५ डकॅट इसारादाखल देऊनही काम पुढे सरकेना, तेव्हा इझाबेलाने पैसे परत मागितले आणि कायद्याचा धाकही घातला. अखेर १५०४ मध्ये बेल्लिनीने त्याला स्वतःला रुचणारे येशूजन्माचे चित्र दिले आणि प्रकरण मिटले. ती पुन्हा प्रयत्नाला लागली तेव्हा कवी पिएत्रो बेंबो मध्ये पडला आणि जानेवारी १५०६ च्या पत्रात त्याने तिला अत्यंत अदबीने समजावले: फार तपशील लिहून देऊन आपल्याला बांधून घातलेले या चित्रकाराला रुचत नाही, आपल्या चित्रांत मनसोक्त विहार करण्याची त्याची सवय आहे. इथे मध्यस्थाने प्रवाहाची दिशाच उलटी केली. आश्रयदात्रीची आज्ञा चित्रकाराकडे नेण्याऐवजी त्याने चित्रकाराचे स्वातंत्र्य आश्रयदात्रीच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला, आणि हे कामही त्याच्याच अखत्यारीत येत होते.

तित्सियनच्या पाठीशी उभा राहिलेला पिएत्रो आरेतिनो हा या मंडळींत सर्वांत निराळा, कारण त्याने छापखान्याचा उपयोग केला. १५२७ मध्ये व्हेनिसला स्थायिक झालेल्या या लेखकाने राजेरजवाड्यांना लिहिलेल्या पत्रांचा पहिला खंड १५३८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून त्याची शिफारस एका माणसाच्या कानात न राहता साऱ्या युरोपच्या वाचनात येऊ लागली. तित्सियनच्या चित्रांची स्तुती त्याने अशी केली की ते चित्र आपल्याकडे असावे असे दूरच्या दरबारांना वाटावे. १५४५ मध्ये तित्सियनने रंगवलेले स्वतःचे व्यक्तिचित्र त्याने कोझिमो दे मेदिचीला भेट पाठवले आणि सोबत तक्रारवजा टिप्पणी जोडली की चित्रकाराला आणखी पैसे दिले असते तर कपड्यांची झळाळी अधिक उतरली असती. वरवर निंदा वाटणाऱ्या या वाक्याने तित्सियनच्या सुट्या, वेगवान फटकाऱ्यांकडे मात्र सर्वांचे लक्ष वेधले.

मध्यस्थांच्या हातांतून फिरलेल्या एका चित्राचा मागोवा घेतला तर ही साखळी किती लांब असे ते उलगडते. रोममध्ये कारावाज्जोला १५९५ च्या सुमारास कार्डिनल फ्रान्चेस्को मारिया देल मोन्ते याचा आश्रय मिळाला. देल मोन्ते स्वतः मेदिचींचा रोममधला हितचिंतक आणि वार्ताहर होता, म्हणजे कारावाज्जोच्या दृष्टीने आश्रयदाता आणि फ्लॉरेन्सच्या दृष्टीने मध्यस्थ. कारावाज्जोने ढालीवर रंगवलेली मेदुसा त्याच्यामार्फतच ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दोला भेट गेली. पुढे १६०१ मध्ये कायदेपंडित लाएर्झिओ केरुबिनी याने त्रास्तेव्हेरे भागातील सान्ता मारिया देल्ला स्काला या चर्चमधील आपल्या कुटुंबाच्या वेदीसाठी ‘मेरीचा मृत्यू’ हे चित्र कारावाज्जोला सांगितले. अंतिम किंमत ठरवण्याचा अधिकार करारातच विन्चेंझो जुस्तिनियानी या सावकार-संग्राहकाला दिलेला होता. जेनोआच्या घराण्यातला हा माणूस कारावाज्जोच्या चित्रांचा मोठा चाहता होता.

चित्र पूर्ण झाले, पण ते ज्या साधूंच्या चर्चमध्ये लागायचे त्यांनी नाकारले. पाय उघडे पडलेली, अंग फुगलेली, खरोखरच मेलेली स्त्री त्यांना देवमातेच्या रूपात पाहवेना, असे समकालीनांनी लिहून ठेवले आहे. अशा नाकारलेल्या चित्राला किंमत कोणी दिली असती? उत्तर एका चित्रकाराच्या डोळ्यात होते. मांतुआचा ड्यूक विन्चेंझो गोंझागा याच्या पदरी असलेला तरुण पीटर पॉल रुबेन्स त्या वेळी रोममध्ये होता आणि त्याने हे चित्र घेण्याचा आग्रह धरला. ड्यूकचा रोममधला वकील जोव्हान्नी मान्यो याने १६०७ च्या वसंतात मांतुआला लिहिलेली पत्रे फार प्रांजळ आहेत. आपल्याला या विषयातले फारसे कळत नाही, डोळ्याला गोड वाटणारे काही चित्रात असावे अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते, तरी जाणकारांच्या साक्षीवर आपण विसंबलो, असे त्याने कबूल केले. व्यवहार २८० स्कुदींना ठरला. चित्र रोम सोडून जाणार हे कळल्यावर तिथल्या चित्रकारांनी इतकी मागणी केली की मान्योला ते आठवडाभर सर्वांसाठी खुले ठेवावे लागले, आणि प्रवासासाठीची पेटी रुबेन्सने स्वतः लक्ष घालून करून घेतली. धर्मसंस्थेने टाकून दिलेले चित्र कलेचा नमुना म्हणून विकत घेतले गेले, ते चित्रकाराच्या शिफारशीवर आणि कलेतले फारसे न कळणाऱ्या राजदूताच्या प्रामाणिकपणावर. कोणत्याही सिद्धांतग्रंथापेक्षा या घटनेने युरोपीय अभिरुचीला अधिक पुढे नेले, असे म्हणावेसे वाटते.

गोंझागांचे ऐश्वर्य मात्र टिकले नाही. कर्जात बुडालेल्या घराण्याने १६२७-२८ मध्ये आपल्या संग्रहाचा मोठा भाग इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला विकला. हा सौदा जमवला व्हेनिसमध्ये राहणाऱ्या डॅनियल नाइस या फ्लेमिश व्यापाऱ्याने. चित्रे, पुतळे, आरसे, दिवाणखान्यातल्या वस्तू, सगळ्यांचा व्यापार करणाऱ्या नाइसने राजाच्या वतीने स्वतःची पत गुंतवली, पण लंडनहून पैसा वेळेवर आला नाही आणि १६३१ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. गाल्लीने कलावंतासाठी जोखीम पत्करली आणि ती फळली. नाइसने राजासाठी पत्करली आणि तो बुडाला. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाल्यावर संग्रह पुन्हा विकला गेला, ‘मेरीचा मृत्यू’ हे चित्र पॅरिसचा सावकार-संग्राहक एव्हरहार्ड याबाख याच्या हाती आले, त्याने १६७१ मध्ये ते चौदाव्या लुईला विकले, आणि तेव्हापासून ते फ्रान्समध्ये, आज लूव्हरमध्ये आहे.

संगीतातही हीच रीत होती. मोन्तेव्हेर्दीच्या १६०७ च्या ‘ओर्फेओ’ या संगीतनाटकाची संहिता लिहिणारा अलेस्सान्द्रो स्त्रिज्जो हा मांतुआच्या दरबारातला मुत्सद्दी होता. १६१२ मध्ये नोकरीवरून काढला गेलेला मोन्तेव्हेर्दी पुढच्याच वर्षी व्हेनिसमधील सान मार्को चर्चचा संगीतप्रमुख झाला, पण मांतुआकडून येणारी कामे स्त्रिज्जोमार्फतच येत राहिली. मांतुआने त्याला परत बोलावले तेव्हा १६२० मध्ये नकार कळवायचा होता तोही स्त्रिज्जोलाच: व्हेनिसमध्ये वेतन चारशे डकॅट आणि तेही वेळच्या वेळी, तर मांतुआत आपल्याच पैशासाठी खजिनदारापुढे हात पसरावे लागत, हे ड्यूकला सांगता न येणारे वाक्य मित्राला लिहिता आले.

या व्यवस्थेचा एक धागा गोव्यापर्यंत पोहोचला आहे. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ मध्ये कोचीनला उतरला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. मधल्या काळात इथल्या वनस्पती, वस्तू आणि भाषांविषयी तो मायदेशातील मित्रांना आणि मेदिचींना सतत लिहीत होता. शतकानंतर तिसऱ्या कोझिमो दे मेदिचीने जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेव्हियरच्या पार्थिवासाठी एक भव्य चौथरा पाठवला. हा व्यवहार घडवला जेझुइट संघाने. गोवा प्रांताचे हिशेब आणि हितसंबंध युरोपात सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोक्युरेटर म्हणत. त्या पदावरील फ्रान्सिस्को सारमेन्तो याने संताच्या मस्तकाखालची उशी अत्यंत धार्मिक वृत्तीच्या कोझिमोला भेट दिली, आणि त्या भेटीची परतफेड म्हणून ग्रँड ड्यूकने आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याला कामाला लावले. संगमरवर, रंगीत जास्पर आणि संताच्या जीवनातील प्रसंगांची चार ब्राँझ उठावशिल्पे, असा हा चौथरा फ्लॉरेन्समध्ये तुकड्यातुकड्यांनी घडला आणि पेट्यांत भरून समुद्रमार्गे निघाला.

फोज्जिनी स्वतः आला नाही आणि कोझिमोनेही गोवा कधी पाहिला नाही. चौथऱ्यावर बसणारी चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्येच घडवली होती, आणि फ्लॉरेन्सच्या कार्यशाळेला तिचे दर्शन झालेले नव्हते. म्हणून दरबाराने प्लाचिदो रामपोनी आणि एक सहकारी अशा दोन कारागिरांना सामानाबरोबर धाडले. ते १६९८ मध्ये गोव्याला पोहोचले, त्यांनी त्याच वर्षी चौथरा उभारून पेटी त्यावर बसवून दिली, आणि रामपोनीने या प्रवासाचा वृत्तांतही लिहून ठेवला.